भाऊसाहेबांचं रजिस्टर

हायस्कूलच्या एका वर्षावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा डोळ्यांपुढे ठरलेलीच चित्रं आली. जूनमधली कोरी करकरीत वह्या-पुस्तकं, सहल, गॅदरिंग, दहावीचे पेपर. सातारा जिल्ह्यातल्या ज्या शाळेत गेलो तिथे हे सगळं आहेच. पण मला धरून ठेवलं ते मुख्याध्यापकांच्या केबिनमागच्या लांबट खोलीनं. दोन लोखंडी कपाटं, एक संगणक, सतत रुसणारा प्रिंटर आणि टेबलामागे भाऊसाहेब, म्हणजे शाळेचे क्लार्क.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कोनशिलेवर आहेच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि तिचं बघून पुढच्या काळात या पट्ट्यात गावोगावच्या लोकांनी हायस्कुलं काढली. पन्नाशीच्या दशकातली ही शाळा त्यांतलीच. देणगीदारांची पाटी, पहिल्या मुख्याध्यापकांचा फोटो, भाषणात दरवर्षी येणारी दोन वाक्यं. पुरे.

खरी वस्तू कपाटात आहे. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. कापडी बांधणीचा, मांडीवर घेतला तर मांडी अवघडेल असा ग्रंथ. डावीकडे रजिस्टर नंबर, मग आडनाव, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकात आणि पुन्हा अक्षरात, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. उजव्या पानावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. एका मुलाचं अख्खं हायस्कूल एका ओळीत बसतं. वर्तणुकीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘चांगली’. मी जरा हसलो तर भाऊसाहेब म्हणाले, “वाईट लिहून कुणाचं भलं झालंय? पोरगं सोळा वर्षांचं असतं, सर.”

भाऊसाहेबांचं वर्ष जूनमध्ये सुरू होत नाही, ते दहावीच्या निकालाला सुरू होतं. गुणपत्रिका आल्या की खिडकीशी रांग लागते: दाखला, दाखला, दाखला. अकरावीचा प्रवेश, आयटीआय, डिप्लोमा, सगळीकडे शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि तो रजिस्टरवरूनच उतरतो. मूळ दाखला एकदाच मिळतो. हरवला तर प्रतिज्ञापत्र आणा, मग दुय्यम प्रत, तीही तसा शेरा मारून. दाखला लिहिताना भाऊसाहेब एक पट्टी रजिस्टरच्या ओळीखाली धरतात आणि दुसऱ्या हातानं लिहितात. नजर वरखाली होते, पट्टी हलत नाही. वरच्या ओळीतल्या पोराची जन्मतारीख खालच्या पोराच्या दाखल्यावर गेली तर काय होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. ती तारीख पुढे पासपोर्टवर जाते, नोकरीच्या सेवापुस्तकात जाते, निवृत्तीपर्यंत पिच्छा सोडत नाही.

जुनी रजिस्टरं चाळायला मिळाली. पानामागून पान १ जून, १ जून, १ जून. आज सत्तरीत असलेल्या मंडळींचे वाढदिवस एकाच दिवशी का येतात, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. आईबापांना तारीख आठवत नसे, ‘मोठ्या पुराच्या साली झाला’ एवढंच ठाऊक. मग प्राथमिक शाळेतले गुरुजी पोराकडे बघून वय ठरवत, शाळा भरायच्या सुमाराची तारीख टाकत, आणि तीच पुढे हायस्कुलात चालत येई. गुरुजींनी अंदाजे टाकलेली ती तारीख मोडायला आज शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलानं शाळा सोडली की तोही रस्ता जवळजवळ बंद.

रजिस्टरमधला जातीचा रकाना आणखी जड. १० ऑगस्ट १९५०, २१ नोव्हेंबर १९६१, १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा भाऊसाहेबांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेसारख्या पाठ आहेत. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्या जातपडताळणीत या तारखांच्या आधीचा पुरावा वजनदार ठरतो, आणि तो पुरावा पुष्कळदा आजोबांच्या शाळेतल्या नोंदीचाच असतो. म्हणून आजोबांचा उतारा मागायला नातू येतो. कधी पुण्याहून, कधी थेट दुबईहून फोन येतो.

मग २०२३ उजाडलं. मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, पाठोपाठ शोधाचं काम राज्यभर पसरलं, आणि १९६७ च्या आधीची रजिस्टरं तपासायचे आदेश शाळांना आले. एरवी एखाद्या उताऱ्यापुरतंच उघडलं जाणारं पहिलं रजिस्टर टेबलावर आलं. सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि त्यातच हे. एकेक ओळ बोटानं वाचायची, सापडलेली नोंद तक्त्यात भरायची, पानाचा फोटो काढायचा. गावातली माणसं खिडकीशी उभी राहून विचारत, “भाऊसाहेब, आमचं निघालं का?” कुणाचं निघालं, कुणाच्या सख्ख्या चुलत्याचं निघालं आणि त्याचं नाही. ते दिवस सांगताना भाऊसाहेब आवाज खाली आणतात, आणि नावं मात्र एकही घेत नाहीत.

बाकीचं वर्ष झरझर जातं. मुलींच्या एसटी पासांवर सह्या. ५ सप्टेंबरला स्वयंशासन, दहावीची एखादी मुलगी साडी नेसून एक दिवसाची मुख्याध्यापिका होते आणि ऑफिसात येऊन भाऊसाहेबांकडे हजेरीपत्रक मागते. आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा, एसटीच्या सवलतीची सहल, गॅदरिंगमधली तीच लावणी. हिवाळ्यात दहावीची प्री-लिस्ट येते आणि प्रत्येक मुलाला बोलावून नाव, आईचं नाव, तारीख वाचून सही घेतली जाते. आईचं नाव ‘संगिता’ की ‘संगीता’ यावर पोरं प्रथमच विचारात पडतात.

दोन गोष्टी मात्र भाऊसाहेबांच्या लेखी अचाट होत्या. एक, २०२१. करोनामुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि शंभरातले पन्नास गुण नववीच्या निकालावरून द्यायचे ठरले. ज्या निकालपत्रकाकडे एरवी कुणी ढुंकून बघत नाही ते बोर्डाच्या निकालाचा पाया झालं. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. दुसरी, जानेवारी २०२५. बोर्डाच्या प्रवेशपत्रांवर जात प्रवर्गाचा रकाना छापून आला, ओरड झाली, बोर्डानं तो काढून टाकला. शाळा सोडण्याआधी जनरल रजिस्टरमधली चूक मुलांच्या लक्षात यावी म्हणून तो रकाना घातला होता, असं बोर्डाचं म्हणणं होतं. भाऊसाहेबांना हेतू पटतो, जागा पटत नाही. “प्रवेशपत्र बाकावर उघडं ठेवतात, सर. शेजारचं पोरगं वाचतं.”

आता अडचणी. त्या सुरू झाल्या की भाऊसाहेबांचं बोलणं थांबत नाही, आणि खोटं काही नाही.

रजिस्टर मराठीत, पोर्टल इंग्रजीत. रजिस्टरमध्ये आडनाव पहिलं, आधारवर शेवटचं. कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे ‘वैष्णवी’चं स्पेलिंग आधार केंद्रावरच्या माणसानं मनानं केलेलं. यू-डायस प्लस या पोर्टलवर नाव, तारीख, लिंग जुळलं नाही की आधार अवैध. आणि संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार याचा हिशेब, आता वैध आधार असलेल्या मुलांवर होतो. पोरगी रोज पहिल्या बाकावर बसते, हजेरीत आहे, पोषण आहार घेते, पण हिशेबात नाही. मग तिच्या बापाला गवंडीकामावरून बोलवायचं, तालुक्याला पाठवायचं. त्याची दिवसाची मजुरी बुडते. तिथे सर्व्हर बंद असतो.

पट मोजायची तारीख ३० सप्टेंबर. ऊसतोडीची कुटुंबं बीडकडून इकडे येतात ती त्यानंतर, कारखान्यांची धुराडी पेटायच्या वेळी. त्यांच्याबरोबर आलेली दोन-चार मोठी मुलं भाऊसाहेब वर्गात बसवून घेतात. ती तिकडे मोजलेली, शिकतात इकडे, आणि मार्चमध्ये कुठेच नसतात.

त्यात १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय. नववी-दहावीचा पट वीसच्या आत गेला तर शिक्षक शून्य. या शाळेवर ती पाळी अजून आलेली नाही, पण पलीकडच्या खोऱ्यातलं हायस्कूल काठावर आहे, आणि तिथले शिक्षक मे महिन्यात वाड्या-वस्त्यांवर पाचवीची मुलं मागत फिरतात. इथलेही फिरतात. एकाच घरी दोन शाळांचे मास्तर चहाला बसल्याची उदाहरणं आहेत.

आणि माणसं. अनुदानित शाळांत शिपाई निवृत्त झाला की जागा भरायची नाही, त्याऐवजी महिन्याला भत्ता, असा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला. ग्रामीण भागात तो पाच हजार रुपये. इथला शिपाई गेला. पाच हजारांत सकाळी दहा ते संध्याकाळी पाच येणारा माणूस टिकत नाही, तोडणीला किंवा एमआयडीसीत जास्त मिळतात. त्यामुळे माझ्याशी बोलता बोलता भाऊसाहेब घड्याळ बघून उठत, व्हरांड्यात जाऊन लोखंडी रुळाच्या तुकड्यावर टोले देत आणि परत येऊन अर्धवट राहिलेला जन्मदाखला पुढे तपासत.

क्लार्क अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. भाऊसाहेबांचे थोडे महिने उरलेत. जागा भरायची परवानगी मागणारा प्रस्ताव गेला आहे, त्रुटी लागून परत आला आहे, त्रुटी पुरी करून पुन्हा गेला आहे. तोवर चार्ज गणिताच्या मॅडमनी घ्यावा असं मुख्याध्यापकांच्या मनात आहे. मॅडमकडे आठवड्याचे तास भरलेले, शिवाय दहावीचा जादा वर्ग. त्यांनी एवढंच विचारलं, की दाखल्यांची रांग लागते तेव्हाच मे महिन्यात मुलं गोळा करत फिरायचं असतं, मग त्यातलं कुठलं काम सोडायचं ते लेखी द्या. मुख्याध्यापकांनी अजून लेखी दिलेलं नाही.