समतोल नेमका कशाकशाचा?

तराजूचा काटा मध्यावर आला की दोन्ही पारड्यांतील वजने सारखी आहेत असे मानले जाते. त्याआधी रिकामी पारडीही सारखी असावी लागतात. ती नसली तर हलक्या पारड्याला जो दगड किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात, तो पासंग. तूप किंवा तेल मोजताना रिकाम्या भांड्याइतके वजन दुसऱ्या पारड्यात आधीच टाकून घेतात, तो धडा. ‘पासंगालाही पुरत नाही’ हा वाक्प्रचार बाजारातूनच आला. दुकानदाराच्या या दोन जुन्या युक्त्यांमध्ये यामिकीचे एक मूलतत्त्व दडलेले आहे. समतोलात दोन्ही बाजूंच्या वस्तू सारख्या असाव्या लागत नाहीत, त्यांच्या परिणामांची वजाबाकी शून्य व्हावी लागते.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने तरफेच्या बाबतीत हेच सिद्ध केले. टेकूपासून चार हात अंतरावरचे एक किलो दुसऱ्या बाजूला एक हात अंतरावरच्या चार किलोंना तोलून धरते. वजन आणि अंतर यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखा आला की दांडी आडवी राहते. एका बाजूला आखूड व दुसऱ्या बाजूला लांब दांडी असलेला काटा याच हिशेबावर चालतो. म्हणून ‘तुल्यबळ’ आणि ‘समतोल’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. तुल्यबळ म्हणजे ताकदीने बरोबरीचे, तर समतोलात एक पक्ष दुसऱ्याच्या चौपट असला तरी चालतो.

एकाच वस्तूवर विरुद्ध दिशांनी सारखी बले लागली तर पाठ्यपुस्तके त्यांना ‘संतुलित बले’ म्हणतात. अशी बले वस्तूची गती बदलत नाहीत, पण ती काहीच करत नाहीत हा समज चुकीचा आहे. रस्सीखेचीत दोन्ही संघ तुल्यबळ असले तर दोराच्या मध्यावरची खूण जागची हलत नाही, तरी दोर मात्र ताठ होतो, ताणला जातो आणि कच्चा असेल तर तुटतो. बलांची बेरीज शून्य झाली तरी ‘ताण’ शून्य होत नाही. उभ्या इमारतीचा प्रत्येक खांब समतोलातच असतो, आणि खांब चिरडला जातो तोही याच अवस्थेत. स्थापत्य अभियंत्याचा सारा हिशेब या आतल्या ताणाचा व दाबाचा असतो.

जर्मनीतील माग्डेबुर्गचा नगराध्यक्ष ऑटो फॉन गेरिक याने १६५० च्या दशकात या बाबतीतला सर्वांत गाजलेला प्रयोग केला. धातूचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना जुळवून त्याने आतली हवा स्वतःच बनवलेल्या पंपाने काढून टाकली. आत हवा असताना आतला व बाहेरचा दाब एकमेकांना तोलत होते आणि अर्धगोल हातानेही सुटे होत. हवा काढल्यावर बाहेरचा दाब एकटा उरला. मग दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपूनही अर्धगोल सहजी सुटेनात. हवेच्या दाबाचे हे प्रात्यक्षिक अप्रतिम होते, पण घोड्यांचा हिशेब त्यात थोडा फसवा होता. एक बाजू भक्कम झाडाला बांधून दुसऱ्या बाजूला फक्त आठ घोडे जुंपले असते, तरी अर्धगोलांवर तेवढाच ताण आला असता. दुसऱ्या आठ घोड्यांचे काम झाडाने केले असते. सोळा घोडे पाहून जमलेले लोक अधिक थक्क झाले असतील, एवढाच काय तो फरक.

झाडाने घोड्यांइतकेच बल लावावे, हा न्यूटनचा तिसरा नियम. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात तो आला आणि तेव्हापासून विद्यार्थ्यांना छळत आहे. क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात, तर मग त्या एकमेकींना रद्द का करत नाहीत? घोडा गाडीला जेवढे ओढतो तेवढेच गाडी घोड्याला मागे ओढत असेल, तर गाडी चालतेच कशी? क्रिया आणि प्रतिक्रिया नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात, यात याचे उत्तर आहे. गाडीवर घोड्याचे बल, घोड्यावर गाडीचे. बलांची बेरीज करायची ती एकाच वस्तूवरच्या बलांची. घोडा खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते, आणि हा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त असला की घोडा पुढे सरकतो. संतुलित बले आणि क्रिया-प्रतिक्रिया या जोड्या सारख्याच दिसतात, पण पहिली जोडी मोडता येते, दुसरी कधीच नाही. टेबलावरच्या पुस्तकाचे वजन व टेबलाचा आधार ही संतुलित बले आहेत. टेबल काढून घेतले की आधार जातो, वजन उरते, पुस्तक पडते. पुस्तकाच्या वजनाची खरी प्रतिक्रिया म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला वर ओढणे. पुस्तक पडत असतानाही ती शाबूत असते.

बलांची बेरीज शून्य आहे एवढे कळून भागत नाही. वस्तूला थोडा धक्का दिला तर पुढे काय होते, हे पाहावे लागते. वाटीच्या तळाशी ठेवलेली गोटी ढकलली तर पुन्हा तळाशी येते, हा स्थायी समतोल. पालथ्या वाटीवर ठेवलेली गोटी घरंगळत जाते, हा अस्थायी. सपाट फरशीवरची गोटी जिथे ढकलावी तिथेच राहते, हा उदासीन. ‘तोल जाणे’ हा वाक्प्रचार खरे तर अस्थायी समतोलाकडे बोट दाखवतो. दोरीवर चालणारी डोंबारीण हातात लांब काठी धरून क्षणोक्षणी जे करते ते तोल ‘सांभाळणे’ आहे. समतोल ही अवस्था, सांभाळणे ही कृती, आणि अस्थायी समतोलात ही कृती क्षणभरही थांबवता येत नाही.

या फरकाने आइन्स्टाइनलाही चकवले. १९१७ मध्ये त्याने मांडलेल्या विश्वाच्या प्रतिमानात गुरुत्वाकर्षण विश्वाला आत खेचत होते आणि एक नवा स्थिरांक त्याला बाहेर ढकलत होता. दोन्ही परिणाम तंतोतंत जुळवून त्याने स्थिर विश्व मिळवले. हा समतोल पालथ्या वाटीवरचा आहे, हे १९३० मध्ये आर्थर एडिंग्टनने दाखवून दिले. असे विश्व किंचित प्रसरण पावले तर प्रसरणच पावत जाईल, किंचित आकसले तर आकसतच जाईल.

‘आदित्य-एल१’ हे भारतीय यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर हा बिंदू आहे. ‘तेथे सूर्य आणि पृथ्वी यांची गुरुत्वाकर्षणे एकमेकांना रद्द करतात’ असे त्या काळात अनेकदा छापून आले. वाक्य सुटसुटीत आहे, पण चुकीचे आहे. सूर्य आणि पृथ्वी यांची ओढ सारखी होते ती जागा पृथ्वीपासून जेमतेम २ लाख ६० हजार किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या कक्षेच्याही अलीकडे आहे. एल१ जवळ सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या तीसपटीहून जास्त असते.

मग यान तिथे टिकते कसे? सूर्याच्या जितके जवळ जावे तितकी ओढ वाढते आणि प्रदक्षिणेचा काळ घटतो. एल१ पृथ्वीपेक्षा सूर्याला जवळ आहे, म्हणून तिथले यान एरवी वर्ष पुरे होण्याआधीच फेरी पूर्ण करून पृथ्वीच्या पुढे निघून गेले असते. पण मागून पृथ्वी ओढत असल्याने सूर्याची ओढ थोडी कमी पडते, आणि उरलेली ओढ वर्षाला बरोबर एक प्रदक्षिणा घडवण्याइतकी असते. यान समतोलात ‘थांबलेले’ नसते. ते सूर्याभोवती पृथ्वीच्या चालीने फिरत असते. पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेने पाहिले आणि बाहेर ढकलणारे केंद्रोत्सारी बल हिशेबात धरले, तर तिन्हींची बेरीज शून्य येते, आणि त्याच अर्थाने एल१ ला समतोलबिंदू म्हणतात. हा समतोल पुन्हा अस्थायी जातीचा. यान जरासे ढळले की ढळतच जाते, म्हणून इंधन जाळून त्याला अधूनमधून मार्गावर आणावे लागते. पृथ्वीच्या ६० अंश पुढे आणि मागे असलेले एल४ व एल५ बिंदू मात्र स्थायी आहेत. गुरूच्या अशाच दोन बिंदूंपाशी हजारो लघुग्रह मुक्काम ठोकून आहेत. त्यांतला पहिला, अकिलीस, १९०६ मध्ये सापडला.

रसायनशास्त्रातला समतोल याहून निराळा. त्यात बलांची झुंज नसते, दोन उलट क्रियांचा वेग सारखा होतो. बाटलीत अर्धे पाणी भरून बूच घट्ट लावले तर काही वेळाने पाण्याची पातळी स्थिर होते. वरवर सारे शांत दिसते, पण पाण्याचे रेणू वाफ होऊन उडत असतात आणि तितकेच वाफेतून परतत असतात. याला गतिक समतोल म्हणतात. रासायनिक क्रियाही अशी उलटू शकते हे क्लोद बेर्तोले याच्या ध्यानात आले ते १७९८ मध्ये, नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत. तेथील खाऱ्या तळ्यांच्या काठी चुनखडी आणि मीठ यांच्यापासून सोडा तयार होत होता. प्रयोगशाळेत नेमकी याच्या उलट क्रिया होते. तळ्याकाठी मीठ आणि चुनखडी अमाप असल्याने क्रिया मागच्या दिशेने वळली होती. १८८४ मध्ये आंरी ल शातल्येने याचा नियम मांडला. समतोलातल्या मिश्रणाची परिस्थिती बदलली, तर तो बदल कमी होईल अशा दिशेने मिश्रण झुकते. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होताना रेणूंची संख्या निम्मी होते आणि उष्णता बाहेर पडते. म्हणून दाब वाढवला की अमोनिया वाढतो, तापमान वाढवले की घटतो. तरीही कारखान्यांत ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान ठेवतात, कारण कमी तापमानाला क्रिया फारच संथ चालते. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात तयार होणारा अमोनियाही याच तडजोडीवर निघतो.

सजीवांसाठी ‘समस्थिती’ हा वेगळा शब्द आहे, आणि तो वेगळा असणेच योग्य. तिचे इंग्रजी नाव अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने १९२६ मध्ये रूढ केले. बंद बाटलीतल्या पाण्याला समतोल टिकवायला काही खर्च येत नाही, शरीराला येतो. ३७ अंशांच्या आसपासचे तापमान आणि रक्ताचा ७.३५ ते ७.४५ इतका सामू राखण्यासाठी अन्न व ऑक्सिजन सतत खर्ची पडतात. भौतिकीच्या काटेकोर अर्थाने शरीर समतोलात येते ते मृत्यूनंतर, कलेवराचे तापमान खोलीच्या तापमानाएवढे झाल्यावर.

समस्थितीत विरुद्ध जोड्या असतात, पण त्या तराजूच्या पारड्यांसारख्या वागत नाहीत. इन्सुलिन रक्तातली साखर उतरवते, ग्लुकॅगॉन चढवते, मात्र दोन्ही एकाच वेळी भरात नसतात. जेवणानंतर एकाची पाळी, उपासात दुसऱ्याची. हृदयाचे उदाहरण तर याहून बोलके. मेंदूकडून येणाऱ्या चेता तोडल्या तर मानवी हृदय स्वतःच्या लयीत मिनिटाला सुमारे १०० ठोके देते. विश्रांतीत ते सत्तरच्या आसपास असतात, कारण ठोके वाढवणाऱ्या अनुकंपी चेतांपेक्षा ते कमी करणाऱ्या परानुकंपी चेतांचा जोर त्या वेळी अधिक असतो. निरोगी हृदय दोघांच्या बरोबरीवर चालत नाही, अर्धवट दाबलेल्या ब्रेकवर चालते.

स्नायूंच्या जोड्यांना ‘विरोधी स्नायू’ म्हणतात. दंडाच्या पुढचा स्नायू कोपर दुमडतो, मागचा ते सरळ करतो. पण एक आकसत असताना दुसऱ्याला ढिले राहण्याचा आदेश मेरुरज्जूतूनच मिळतो. हे चार्ल्स शेरिंग्टनने बारकाईने दाखवले. त्याला १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खरा विरोध दिसतो तो रोगात. धनुर्वाताच्या जंतूंचे विष ढिले राहण्याचे हे आदेशच बंद पाडते. मग विरोधी स्नायू एकाच वेळी आकसतात, त्यांत पाठीचे स्नायू सर्वांत बलवान असल्याने शरीर मागे धनुष्यासारखे ताणले जाते. रोगाचे नाव त्यावरूनच पडले.

सर्वांत सैलपणे वापरला जाणारा शब्दप्रयोग म्हणजे ‘निसर्गाचा समतोल’. भक्ष्य व भक्षक एकमेकांची संख्या तोलून धरतात, ही कल्पना जुनी आणि मोहक आहे. इटालियन गणिती व्हितो व्होल्तेरा याने १९२६ मध्ये ती समीकरणांत मांडून पाहिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी घटली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांत शार्कसारख्या भक्षकांचे प्रमाण वाढलेले दिसले होते. त्याचे कारण शोधताना व्होल्तेराच्या समीकरणांतून दोन स्थिर आकडे निघाले नाहीत, निघाली ती न थांबणारी आंदोलने. भक्ष्य वाढले की मागोमाग भक्षक वाढतात, मग भक्ष्य घटते, पाठोपाठ भक्षकही. कॅनडातील हडसन्स बे कंपनीच्या कातडी-व्यापाराच्या नोंदींत ससे आणि लिंक्स यांची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्राने अशीच वरखाली होताना दिसते, फक्त तिथे सशांचे खाद्य आणि इतर शिकारी यांचाही हात आहे. त्यामुळे आजचे परिसंस्थाशास्त्रज्ञ ‘समतोल’ हा शब्द जपून वापरतात आणि त्याऐवजी दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे शोधतात. वणवा, पूर किंवा दुष्काळ आला तर एखादे जंगल किती बदलते, हा पहिला. बदलल्यावर ते पूर्वपदाला किती लवकर येते, हा दुसरा. जी परिसंस्था सहज बदलत नाही तीच लवकर सावरते असे नाही. गवताळ माळ आगीत क्षणात जळतो आणि पावसाळ्यात पुन्हा हिरवा होतो. जुने सदाहरित जंगल सहसा पेटत नाही, पण एकदा जळले की सावरायला त्याला कित्येक दशके लागतात.