ज्वारीची रास आणि गणिताचा माणूस

आमचे दुलाभाई नगरच्या मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांच्या लेकीने यंदा बारावी सायन्सची परीक्षा दिली आणि तिला पुढे गणितच शिकायचं आहे. फार्मसी नको, इंजिनिअरिंग नको. ईदला सगळे जमलो होतो, शिरखुर्म्याच्या वाट्या हातात होत्या, तेव्हाच विषय निघाला. दुलाभाई म्हणाले, "भाईजान, तुम्ही शिकलेले. नुसतं गणित शिकून पोट कसं भरायचं, सांगा." त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत बसलो, तेव्हा डॉ. दीपक धर यांचं नाव समोर आलं.

त्यांचं काम दुलाभाईंना आमच्यापेक्षा लवकर समजेल. ज्वारीच्या राशीवर वरून दाणे पडत राहिले की उतार वाढत जातो आणि मग एक बाजू सरकन घसरते. कधी चार दाणे, कधी अर्धी रास. 1987 मध्ये पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट विसेनफेल्ड यांनी याचं एक सोपं मॉडेल मांडलं. बुद्धिबळासारखा पट घ्यायचा. एका घरात तीन दाणे मावतात. चौथा आला की ते घर सांडतं आणि शेजारच्या चार घरांत एकेक दाणा जातो. त्याने शेजारचं घर भरलं तर तेही सांडतं. काठावरचे दाणे पटाबाहेर पडतात.

आता एकाच वेळी दोन घरं भरली तर आधी कोणतं सांडायचं? 1990 मध्ये धर यांनी सिद्ध केलं की कोणतंही आधी सांडा, शेवटी पट सारखाच दिसतो. भाचीने फरशीवर खडूने घरं आखून हरभऱ्याच्या दाण्यांनी हे दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा तेच आलं! या एका गुणामुळे जे प्रश्न तोवर कॉम्प्युटरवर चाचपावे लागत होते, त्यांतले कित्येक कागदावर पक्के सुटले. या मॉडेलला नॉर्वेच्या नील्स आबेलचं नाव जोडलेलं आहे. तो गरिबीत, वयाच्या 26व्या वर्षी क्षयाने गेला.

खऱ्या वाळूची रास मात्र या नियमाने नीट वागत नाही. 1996 मध्ये ऑस्लोत तांदळाच्या राशींवर प्रयोग झाले. तिथे लांब दाण्याचा, आपल्या बिर्याणीसारखा तांदूळ पुष्कळसा या हिशेबाने घसरला.

आम्हाला सगळ्यात आवडलं ते 2009 मधलं काम. धर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळे दाणे पटाच्या एकाच घरात टाकत नेले. सांडत सांडत पटावर कोन-चौकोनांची रेखीव नक्षी उमटते. दाणे वाढवले की नक्षी मोठी होते, पण तिचा प्रत्येक तुकडा त्याच प्रमाणात वाढतो. लहान बाळाचे हात, पाय, नाक असेच प्रमाणात वाढतात. नगरच्या दमडी मशिदीतली नक्षी कोरणाऱ्या कारागिराच्या डोळ्यांपुढे अख्खा आराखडा असणार. इथे कारागीर नाही. प्रत्येक घराला फक्त शेजारची चार घरं ठाऊक असतात.

धर यांचा जन्म 1951 चा, उत्तर प्रदेशातला. शिक्षण अलाहाबाद, कानपूर आयआयटी आणि अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये झालं. 1978 मध्ये ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे जवळपास चार दशकं राहिले. 2016 मध्ये ते पुण्याच्या आयसरमध्ये गेले. पदवीने ते भौतिकशास्त्रज्ञ, पण हत्यार गणिताचं. 2022 चं बोल्ट्झमन पदक त्यांना जॉन हॉपफिल्ड यांच्यासोबत मिळालं. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. हॉपफिल्ड यांना पुढे 2024 मध्ये नोबेल मिळालं. 2023 मध्ये धर पद्मभूषण झाले.

आयसरमध्ये बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याची वेगळी प्रवेश परीक्षा असते. हे सगळं दुलाभाईंना सांगितलं. ते बराच वेळ फरशीवरच्या हरभऱ्यांकडे पाहत होते. मग विचारलं, "तिथे मुलींचं होस्टेल आहे ना?"

आहे. आता फॉर्म भरायचा आहे.