राखेखालचा विस्तव

मूल तापाने फणफणले, की आई कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवते. ताप उतरतो, मूल अंगणात पळते आणि घर सुटकेचा श्वास सोडते. पण काही मुलांकडे हा ताप आगंतुक पाहुण्यासारखा पुन्हा पुन्हा येतो. एक ते तीन दिवस मुक्काम करतो, पोटात, छातीत, सांध्यांत असह्य कळा आणतो आणि आपणहून निघून जातो. तपासणीत जंतू सापडत नाही. अपेंडिक्स समजून एखाद्याचे पोटही उघडले जाते.

या आजाराला कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वर म्हणतात. तुर्की, आर्मेनियन, अरब आणि ज्यू कुटुंबांत तो अधिक आढळतो. १९९७ मध्ये दोन संशोधक गटांनी त्याचे मूळ असलेला जनुक शोधला. तो पायरिन नावाचे प्रथिन घडवतो. ग्रीक भाषेतल्या अग्नीच्या शब्दाशी या नावाचे नाते आहे. पायरिन हा शरीराचा पहारेकरी. जनुकात दोष असला, की तो चोर नसतानाही आरोळी ठोकतो आणि शरीर स्वतःच पेट घेते. आईवडील बहुधा निरोगी असतात. दोघांकडून एकेक सदोष प्रत आली, की मूल आजारी पडते.

खरी भीती तापाची नाही, ताप नसतानाच्या दिवसांची आहे. चुलीतला विस्तव राखेखाली रात्रभर धुमसतो, तसा काही मुलांत दाह आतल्या आत चालू राहतो. त्यातून अमायलॉइड नावाचे प्रथिन मूत्रपिंडात साचते आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. १९७२ पासून ज्ञात असलेला उपाय म्हणजे कॉल्चिसीन. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही हे द्रव्य असते. मात्र तो कंद जहरी, घरगुती प्रयोगाचा नव्हे. औषध पुरेसे पडते आहे का, हे कसे ओळखायचे? सीआरपी आणि सीरम अमायलॉइड ए या रक्तचाचण्या दाह दाखवतात. पण साध्या जंतुसंसर्गातही त्या वाढतात. जनुकचाचणी दोष सांगते, आजची धग सांगत नाही. दोष सारखाच असूनही एक भाऊ बेजार, तर दुसरा ठणठणीत असू शकतो.

इथे मायक्रो-आरएनएकडे लक्ष जाते. १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत तो प्रथम सापडला. या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. मायक्रो-आरएनए म्हणजे जेमतेम बावीस अक्षरांची ओळ. अष्टाक्षरीच्या तीन चरणांहूनही तोकडी. जनुकाकडून प्रथिन बनवण्याचा निरोप निघतो, तेव्हा ही ओळ त्या निरोपाला चिकटते आणि त्याचा आवाज दाबते. दाहाचे निरोपही ती आवरते किंवा मोकळे सोडते. शिवाय ती रक्तद्रवात टिकून राहते, म्हणून मोजता येते.

जपानमधील संशोधकांनी २०१८ मध्ये नोंदवले, की तापाच्या झटक्यात रुग्णांच्या रक्तद्रवात २०४-३पी या क्रमांकाचा मायक्रो-आरएनए घटतो. तुर्कस्तानातही आजारी मुलांच्या रक्तात असे शोध झाले आहेत. पण सगळीकडचे निष्कर्ष जुळत नाहीत. तपासलेली मुले थोडी असतात. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तरी आकडा बिघडतो. म्हणून ही अजून दवाखान्यातली रोजची चाचणी झालेली नाही. ताप नसलेल्या मुलातही धुमसणारा दाह ती ओळखू शकली, तरच तिचा खरा उपयोग.

तोवर जुनी शिस्तच मुलाला वाचवते. प्रत्येक झटक्याची तारीख आणि दिवस वहीत लिहावेत. डॉक्टरांनी ठरवलेले औषध बरे वाटले म्हणून सोडू नये. आणि मूल हसत-खेळत असतानाही रक्ताची आणि लघवीतल्या प्रथिनाची तपासणी चुकवू नये.