घासण्याआधी एक छायाचित्र

दिवाळी तोंडावर आली की राजाबाजार, गुलमंडी, सराफा आणि जुना मोंढा या भागांतील जुन्या व्यापारी घरांत तिजोरीतला पितळी डबा बाहेर निघतो. पूजेच्या ताटात मांडावयाची चांदीची नाणी चिंचेच्या कोळाने किंवा राखेने घासून लखलखीत केली जातात, चोपड्यांच्या पूजेत ठेवली जातात आणि पाडव्यानंतर पुन्हा त्याच डब्यात विसावतात. हे सारे श्रद्धेने होत आले आहे. मात्र प्रत्येक घासण्याबरोबर नाण्यावरील अक्षरांची धार किंचित बोथट होते, आणि एकदा पुसले गेलेले अक्षर कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून डबा उघडल्यावर पहिले काम घासण्याचे नव्हे, तर छायाचित्र काढण्याचे असावे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. उत्तरेकडची खिडकी, करडा कागद आणि घरातला मोबाइल एवढे साहित्य पुरेसे आहे.

हाली आणि कलदार

मराठवाड्यातील घरांत सापडणाऱ्या नाण्यांचे एक वेगळेपण आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे चलन स्वतंत्र होते. निजामाचा रुपया तो ‘हाली सिक्का’ आणि इंग्रज सरकारचा रुपया तो ‘कलदार’. औरंगाबादच्या पेढीवरून मुंबईशी व्यवहार करताना रक्कम हाली की कलदार हे स्पष्ट केल्यावाचून हिशोब जुळणे शक्य नव्हते, कारण सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार असा भाव होता. धातूच्या गणितानेही हा भाव पटण्याजोगा आहे. हालीचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी ८१.८ टक्के, कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी अनुक्रमे ९.१४ आणि १०.६९ ग्रॅम. या दोन आकड्यांचे प्रमाण सहास सात याच्या अगदी जवळ येते. विलीनीकरणानंतरही काही वर्षे हाली चलन टिकले आणि १९५९ मध्ये ते कायमचे बाद झाले. व्यवहारातून ते गेले. घरातल्या डब्यात मात्र राहिले.

या हाली रुपयांवर चारमिनारचे चित्र असते. चारमिनारच्या कमानीत एक बारीक अक्षर कोरलेले दिसते. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर ‘मीम’, तर १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यावर ‘ऐन’. उस्मान अली खान यांच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर हे ‘ऐन’ अपुरे आहे आणि पुढे ते पूर्ण आकारात आले. संग्राहक हे दोन प्रकार निराळे मानतात. नुसत्या डोळ्यांना सहज न दिसणारा हा फरक चांगल्या छायाचित्रात मोठा करून पाहता येतो; राखेने घासलेल्या नाण्यावर मात्र तो दिसेलच अशी खात्री नाही.

प्रकाशाची बाजू

चांदीचे नाणे म्हणजे एक लहानसा आरसा. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग उमटतो आणि अक्षरे हरवतात. त्यामुळे फ्लॅश बंद ठेवून सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेकडील खिडकीजवळ टेबल मांडावे, कारण तेथे थेट ऊन येत नाही आणि उजेड स्थिर राहतो. उजेड तीव्र वाटल्यास काचेवर बटर पेपर लावावा. खिडकीच्या विरुद्ध बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला की नाण्याची अंधारी बाजूही उजळते. खाली मळकट करड्या रंगाचा, चमक नसलेला कागद अंथरावा. काळ्या कागदावर मोबाइल आपोआप उजेड वाढवतो आणि चांदी पांढरीफटक दिसू लागते.

मोबाइल नाण्याच्या अगदी जवळ नेण्याचा मोह आवरावा. जवळून त्याची सावली पडते आणि गोल नाणे किंचित फुगल्यासारखे दिसते. एक वीत अंतर ठेवून दुप्पट झूम वापरावे. समान उंचीचे पुस्तकांचे दोन गठ्ठे मांडून त्यांवर लाकडी फळी आडवी ठेवावी आणि कॅमेऱ्याची भिंगे फळीच्या कडेबाहेर येतील अशा बेताने मोबाइल पालथा ठेवावा. तीन सेकंदांचा टायमर लावला की बोटाच्या स्पर्शाने होणारा कंपही टळतो. नाणे नेहमी कडेने धरावे आणि टेबलावर जाड मऊ कापड असावे, म्हणजे ते हातून निसटले तरी इजा होणार नाही.

प्रत्येक नाण्याची किमान तीन छायाचित्रे हवीत: दर्शनी बाजू, मागील बाजू आणि कडा. कडेचे महत्त्व अनेकांच्या ध्यानात येत नाही. १९४० पासून कलदारातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि बनावट नाण्यांना आळा घालण्यासाठी कडेची रचनाही बदलण्यात आली. जुना कलदार आणि नवा कलदार यांत चांदीचा एवढा मोठा फरक असताना केवळ राजाचा मुखवटा टिपून भागत नाही.

चौथे छायाचित्र झिजलेल्या नाण्यांसाठी. खिडकीचा पडदा ओढून एका बाजूने, टेबलाच्या पातळीलगत, विजेरीचा तिरपा उजेड टाकावा. सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर अक्षरांच्या सावल्या उभ्या राहतात. काळवंडलेल्या शिवराईवरील ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ ही अक्षरे अशा उजेडात पुष्कळदा वाचता येतात.

अशा बारकाव्यांनी इतिहास कसा उलगडतो, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता आणि नव्या ठशाखाली जुन्या राजाच्या मुखवट्याच्या व अक्षरांच्या खुणा उरल्या होत्या. पैठणच्या सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला, याची साक्ष त्या दुहेरी ठशाने दिली. ती नाणी कोणी घासून गुळगुळीत केली असती, तर ही साक्षही पुसली गेली असती.

मुघलकालीन रुपयांचे प्रकरण निराळे. त्यांचा ठसा नाण्याच्या गोलाहून मोठा असल्याने पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावतो. औरंगाबादच्या टांकसाळीचे ‘खुजिस्ता बुनियाद’ हे नाव एका रुपयावर अर्धे आणि दुसऱ्यावर उरलेले, असे आढळते. निरनिराळ्या घरांतील छायाचित्रे शेजारी ठेवली की तुटलेला मजकूर जुळतो. त्यासाठी कोणालाही आपले नाणे घराबाहेर काढावे लागत नाही.

नोंदीवाचून चित्र अपुरे

पावतीवाचून जमा रक्कम आणि नोंदीवाचून छायाचित्र, दोन्ही सारखीच. एका जाड वहीत प्रत्येक नाण्यास क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक छायाचित्राच्या नावात ठेवावा. वहीत वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये, नाण्यावरील सन आणि ते नाणे घरात कोठून आले हे लिहावे. हालीवरील सन हिजरी असतो, हे विसरू नये; १३३७ हिजरी म्हणजे इसवी १९१८-१९.

‘कोठून आले’ हा रकाना सर्वांत मोलाचा आणि सर्वांत लवकर रिकामा होणारा आहे. निजामी अमलात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलेले आजोबा नाण्यावरील मजकूर सहज वाचत असत. ती पिढी आता पंच्याऐंशी-नव्वदीच्या पुढे आहे. हे नाणे कापसाच्या सौद्यात आले, ते आजीच्या माहेराहून आले, ही माहिती कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. छायाचित्रे काढताना आजोबांना शेजारी बसवावे, त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि नातवाने ते वहीत उतरवावे.

अशा नोंदीची परंपरा जैन समाजाला नवी नाही. दिल्लीच्या टांकसाळीशी संबंध असलेल्या ठक्कुर फेरू या जैन गृहस्थाने १३१८ च्या सुमारास ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. त्या काळी हाती येणाऱ्या नाना राज्यांच्या नाण्यांची नावे, वजने, धातूचे प्रमाण आणि विनिमयाचे भाव त्याने त्यात नोंदवले. ती नाणी ज्यांच्या हातून फिरली ते व्यापारी काळाच्या उदरात गेले. पण नोंद राहिली, आणि अभ्यासक आजही तिचा आधार घेतात.

दक्षता

छायाचित्रांच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या विश्वासू नातलगाकडे. ती नातेवाइकांच्या मोठ्या गटांत पाठवू नयेत. मोबाइलच्या छायाचित्रात घराचे ठिकाणही नोंदले जाऊ शकते, म्हणून ती सोय आधीच बंद करावी. दुर्दैवाने चोरी झालीच, तर पोलिसांत तक्रार देताना क्रमांक, वजन व छायाचित्र असलेली वही हाच भक्कम पुरावा ठरतो. नाणी परत ठेवताना स्वस्त, मऊ प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात. त्या कालांतराने चिकट होतात आणि नाण्यावर हिरवट थर धरतो. आम्लविरहित कागदाची पाकिटे त्याहून बरी.

कायद्याचेही भान हवे. पाया खोदताना किंवा शेतात जुनी नाणी सापडल्यास, १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. तसेच १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाने आजोबांच्या नाण्याची आठवण काढली, तर त्याला छायाचित्रच पाठवणे योग्य.

चांदीचा भाव चढला की घराघरांतील जुने रुपये मोडीच्या वजनाने विकले जातात आणि मुशीत आटतात. भावांच्या वाटणीत नाणी मोजून समसमान विभागली जातात. कोणते कोणाचे आणि कोठून आले हे त्याच दिवशी विसरले जाते. वाटणी थांबवता येत नाही, गरजेच्या वेळी विक्रीही टळत नाही. धनाचे जाणे-येणे संसाराला धरूनच आहे. परंतु वाटणीपूर्वी एक रविवार काढून छायाचित्रे आणि वही पूर्ण केली, तर प्रत्येक भावाकडे नाणी आली तेवढीच असतील, पण संग्रह मात्र प्रत्येकाकडे संपूर्ण राहील. यंदाच्या पूजेत चोपड्यांच्या शेजारी ती वही ठेवली, तर ते चोपडापूजनाच्या रीतीस धरूनच होईल.