बर्फाविना हिवाळी खेळ

ऑलिंपिकची सनद म्हणते, बर्फावर किंवा हिमावर खेळला जातो तोच हिवाळी खेळ. या हिशेबाने बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढ्याला हिवाळी खेळच नाही. मोताळा तालुक्यातल्या या गावाला डिसेंबरात शेकोटी लागते, पण बर्फ दिसतो तो रसवंतीवरच. तरीही वऱ्हाडात थंडी पडली की शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस येतात, आणि ते थंडीतच का येतात याचं उत्तर मातीत आहे. पावसाळ्यात काळ्या जमिनीत बैलाचा पाय रुततो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि बैल जागच्या जागी धापा टाकतो. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, जमीन कोरडी आणि हवा गार, बैलाने जीव तोडून पळावं असे आठवडे वर्षात एवढेच.

आता वादाचा मुद्दा. पळतो बैल, माणूस तर छकडीवर बसलेला. मग हा खेळ कोणाचा?

हा पेच ऑलिंपिकलाही पडला होता. १९२८ साली सेंट मॉरिट्झच्या गोठलेल्या तळ्यावर घोडे धावले. त्यांच्या पाठीवर स्वार नव्हते, मागे दोर धरून स्कीवर उभी माणसं होती. १९३२ साली लेक प्लॅसिडला कुत्र्यांनी ओढलेल्या गाड्यांची शर्यत झाली आणि कॅनडाचा एमिल सेंट गोडार जिंकला. दोन्ही शर्यती प्रदर्शनापुरत्या राहिल्या. पदकाच्या खेळांत त्यांना जागा मिळाली नाही. बर्फ होता, वेग होता, कौशल्यही होतं. तरी जनावर मध्ये आलं आणि मोजमाप अडलं.

आपल्याकडे हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ साली न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. बैलाचं नशीब वेगळं निघालं. २०११च्या केंद्राच्या अधिसूचनेने त्याला अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या यादीत बसवलं. खेळ करून दाखवायला मनाई असलेले हे प्राणी. आपल्या गोठ्यातला बैल वाघाच्या पंगतीत! ७ मे २०१४ला न्यायालयाने पुढे म्हटलं, की बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाहीच. मग महाराष्ट्राने २०१७ साली कायदा बदलला आणि बैलाच्या पळण्याच्या क्षमतेवर अहवालही करून घेतला. १६ डिसेंबर २०२१ला शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने तो कायदा कायम केला. त्या कायद्यातल्या व्याख्येत शंकरपट आणि छकडी ही नावं आहेत. गाडीवान असो वा नसो, शर्यत ती शर्यत, असंही तिथे लिहिलेलं आहे. सेंट मॉरिट्झच्या त्या बिनस्वाराच्या घोड्यांना हे वाक्य किती चपखल बसलं असतं!

पण खेळ ठरतो तो छकडीवर. दोन बैलांच्या मानेवर एकच जू. उजवा बैल वीतभर पुढे गेला की जू तिरकं होतं आणि छकडी डावीकडे ओढली जाते, म्हणजे मागे राहिलेल्याच्या बाजूला. त्यामुळे एकटा वेगवान बैल काही कामाचा नाही, पावलाला पाऊल लागणारी जोडी हवी. ती जमवायला काही हंगाम जातात. धुरकरी, म्हणजे गाडीवान, छकडीवर जवळजवळ उकिडवा बसतो, जूपर्यंत पोचेल एवढा पुढे झुकतो आणि आवाजाने जोडी सांभाळतो. दोर सुटला की काही सेकंदांत सगळं संपतं, म्हणून घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतं. यात नशिबाला फार वाव नाही. फिगर स्केटिंगमध्ये पंच गुण देतात, त्यावर २००२ साली सॉल्ट लेक सिटीत एवढं वादळ उठलं की गुण देण्याची पद्धतच बदलावी लागली. शंकरपटात घड्याळाशी हुज्जत घालता येत नाही.

माझ्या मते खेळाची खरी परीक्षा धुरकऱ्याच्या हातात आहे. पराणी टोचून, शेपूट पिळून किंवा बॅटरीचा झटका देऊन पळवलेला बैल खेळत नसतो, वेदनेपासून पळत असतो. अशा शर्यतीला मी खेळ म्हणणार नाही, मग घड्याळ कितीही अचूक असो. आजच्या नियमांत हे सगळं बंद आहे. अंतर १,००० मीटरच्या वर न्यायचं नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची आणि बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यायची. हे नियम म्हणजे खेळाला लागलेली कात्री, असं काही जण म्हणतात. मला तर नेमकी याच नियमांमुळे ही शर्यत खेळ वाटते. टोचणी काढून घेतली की उरतं ते बैलाचं अंग, वर्षभराचा खुराक, सराव आणि ओळखीच्या आवाजावरचा विश्वास. एवढ्याच बळावर जी जोडी सर्वांत कमी वेळ लावते, ती जिंकते.

पटावर भोंग्यातून मालकाच्या नावाबरोबर बैलांची नावंही पुकारली जातात. खेळाडू कोण, याचा निवाडा प्रेक्षकांनी केव्हाच करून टाकला आहे.