फिंचच्या पिल्लांसाठी मऊ दाणे

पाऊस सुरू झाला की पक्षी पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार हटकून कानी येते. "फादर, जोडीने अंडी घातली, पिल्लेही निघाली, पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून एकेक करून मरू लागली." मडके तेच, पिंजरा तोच, दाणाही नेहमीचाच. मग चुकते कोठे? पुष्कळदा चूक दाण्यातच असते. एक तर आईबापांना कोरड्या, कठीण दाण्यांवरच पिल्ले वाढवावी लागतात, नाहीतर घरची माणसे हौसेने भिजवलेला दाणा देतात आणि तो नासलेला असतो. यातली दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याविषयी थोड्या अधिकाराने लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. येथे फिंच म्हणजे बाजारात मिळणारे झेब्रा फिंच आणि बंगाली फिंच. पहिला मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, दुसरा जपानात पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढून माणसाळलेला. आपल्या शेताच्या बांधावर दिसणाऱ्या मुनिया पकडणे, विकणे किंवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आठवडी बाजारात कोणी रंगवलेल्या मुनिया 'फिंच' म्हणून दाखवू लागला तर घेऊ नयेत.

झेब्रा फिंच ज्या कोरड्या मुलखातून आला, तेथे पाऊस कधी पडेल याचा नेम नसतो. पाऊस पडला की गवत वाढते, त्याला तुरे येतात, आणि तुऱ्यातला दाणा दुधाळ, अर्धवट पिकलेला असतानाच हा पक्षी विणीला लागतो. पिल्लांच्या पोटात जातो तो हाच मऊ दाणा. नर-मादी दाणे सोलून गळ्याजवळच्या पिशवीत साठवतात आणि तेथून पिल्लांच्या चोचीत उतरवतात. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला दुधाळ कणीस कोठून मिळणार? म्हणून आपण दाणा भिजवून, त्याला नुकता कोंब फुटू देऊन, त्या अवस्थेच्या जवळ आणतो. कोंब फुटताना दाण्यातला पिठूळ भाग साखरेत बदलू लागतो, काही जीवनसत्त्वे वाढतात आणि दाण्यात पाणी असल्याने तो पचायला हलका होतो. आपल्या घरांतल्या आयांना हे नवे नाही. बाळ सहा महिन्यांचे झाले की नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून तिचे सत्त्व करतातच. तत्त्व तेच, फिंचच्या बाबतीत फक्त वाळवायचे नाही.

आता दाणा कोणता घ्यावा? राळे सर्वांत उत्तम, त्याच्या जोडीला नाचणी आणि थोडी बाजरी. येथे अनेकजण फसतात. वाण्याकडे उपासाची भगर मिळते किंवा राळ्याचे तांदूळ मिळतात, ते घेऊन भिजत घालतात. पण ते दाणे सडलेले, म्हणजे टरफल काढलेले असतात. त्यांना मोड येत नाही. ते फुगतात आणि कुजतात. वरी किंवा राळे घ्यायचे ते टरफलासकट घ्यावेत. त्याहून मोठा धोका पेरणीच्या बियाण्याचा आहे. दुकानातून पिशवीत येणारे गुलाबी, लाल किंवा हिरवे रंगवलेले बियाणे बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते. पेरून उरले म्हणून ते पाखरांना घालू नये, आणि कितीही धुतले तरी ते खाण्याजोगे होत नाही. ज्वारीही टाळावी. एक तर तिचा दाणा या चोचीला मोठा, आणि कोवळ्या ज्वारीने गुरांना विषबाधा होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. ते विष ज्वारीच्या मोडातही असते.

दाणा जिवंत आहे की नाही, हे पेरणीपूर्वी आपण जसे पाहतो तसेच पाहावे. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळावेत आणि तिसऱ्या दिवशी किती उगवले ते मोजावे. ऐंशीच्या खाली आले तर तो दाणा मी भिजवण्यासाठी वापरत नाही. न उगवणारा दाणा ओल्या फडक्यात बसून सडतो आणि शेजारच्या चांगल्या दाण्यालाही नासवतो.

कृती सोपी आहे, पण तिला वेळेवर माणूस हवा. एका दिवसापुरताच दाणा घ्यावा. तो दोन-तीन पाण्यांतून चोळून धुवावा आणि वर तरंगलेला भुसा, पोचट दाणे काढून टाकावेत. मग स्टीलच्या भांड्यात भरपूर पिण्याचे पाणी घालून भिजवावा. उन्हाळ्यात सहा ते आठ तास पुरतात, थंडीत दहा-बारा लागतात. मध्ये एकदा पाणी बदलावे. नंतर चाळणीत ओतून, खालून येणारे पाणी अगदी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावा, नीट निथळू द्यावा आणि चाळणीतच पसरून वर ओले फडके टाकावे. घट्ट पुरचुंडी बांधू नये. आत ऊब धरते आणि हवा लागत नाही. दिवसातून तीन वेळा, पावसाळ्यात व कडक उन्हाळ्यात चार वेळा, पुन्हा धुवून निथळावा. साधारण एका दिवसात, थंडीत दीड-दोन दिवसांत, दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका दिसू लागतो. तो दिसला की दाणा तयार झाला. लांब मोड येण्याची वाट पाहू नये. व्हिनेगर घालावे असे काहीजण सांगतात. नीट धुतले तर मला त्याची गरज पडली नाही.

देण्यापूर्वी शेवटचे एकदा धुवावा, स्वच्छ कापडावर टिपून घ्यावा आणि नाकाजवळ धरावा. ओल्या मातीसारखा किंवा कोवळ्या गवतासारखा वास आला तर ठीक. आंबूस, दारूसारखा किंवा कुबट वास आला, हाताला बुळबुळीत लागला, किंवा पांढरे-हिरवे तंतू दिसले, तर तो सगळाच्या सगळा टाकावा. वरचा भाग काढून खालचा ठेवू नये.

हे मी एवढे ठासून का लिहितो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी, ऐन जुलै महिन्यात, माझ्या व्हरांड्यातल्या जोडीची पाच पिल्ले आठवड्याची झाली होती. त्या दिवशी दूरच्या वाडीत अंत्यविधी होता. सकाळी दाणा फडक्यात बांधून गेलो तो रात्रीच परतलो. पहाटे फडके सोडले तेव्हा किंचित आंबूस वास आला. मनात म्हटले, भिजलेल्या धान्याला एवढा वास असायचाच. पुन्हा भिजवायचे तर आणखी दीड दिवस जाणार. दाणा धुतला आणि दिला. दुसऱ्या दिवशी दोन पिल्ले मेलेली होती, तिसऱ्या दिवशी आणखी एक. गळ्याजवळची पिशवी तट्ट फुगलेली आणि तिला तोच आंबूस वास. आईबाप त्यांना शेवटपर्यंत भरवत होते. त्या दिवशी नुसता कोरडा दाणा आणि उकडलेले अंडे दिले असते तर काही बिघडले नसते.

तेव्हापासून नियम केला: ज्या दिवशी दाण्याकडे लक्ष देता येणार नाही, त्या दिवशी तो भिजवायचाच नाही.

प्रमाण म्हणाल तर विणीच्या जोडीला सकाळी एक चहाचा चमचा, आणि पिल्ले पाच-सहा दिवसांची झाली की दुपारनंतर आणखी एक. उथळ मातीच्या पणतीत द्यावा आणि दोन-तीन तासांत उरलेला काढून घ्यावा. नेहमीचा कोरडा दाणा आणि ताजे पाणी पिंजऱ्यात सदैव हवेच. अंडी बारा ते चौदा दिवसांत फुटतात. त्याच्या आठवडाभर आधीपासून चिमूटभर मऊ दाणा दाखवू लागावा. ज्या पक्ष्याने तो कधी खाल्लेला नाही, तो पिल्ले निघाल्यावर एकाएकी भरवायला घेईलच असे नाही. पिल्ले सुमारे तीन आठवड्यांची झाली की मडक्याबाहेर येतात, पण कोरडा दाणा फोडण्याइतकी चोच घट्ट व्हायला आणखी दोन आठवडे जातात. त्या दिवसांत मऊ दाणा बंद करू नये.

कवचासकट कुस्करलेले उकडलेले अंडे एक दिवसाआड थोडेसे द्यावे आणि समुद्रफेस पिंजऱ्याला बांधून ठेवावा. कॅल्शियम कमी पडले तर मादीचे अंडे आत अडकते आणि ती दगावते. मात्र मऊ दाणा बारा महिने देऊ नये. तो मिळत राहिला की जोडीला वाटते सुगी आहे, आणि ती अंड्यांवर अंडी घालत सुटते. वर्षातून दोन, फार तर तीन विणी पुरेत. मग मडके काढून घ्यावे.

घरच्यांच्या प्रकृतीसाठी दोन शब्द. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा निजायच्या खोलीत नको. पिसांची धूळ दमेकऱ्याला बाधते, आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या धुराने लहान पक्षी काही मिनिटांत मरतात. भिजवण्याची चाळणी व फडके वेगळे ठेवावे, रोज उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे. मुलांनी पिंजऱ्याला हात लावला की साबणाने हात धुवावेत.

वास चांगला असलेला पण त्या दिवशी जास्त झालेला मोड आलेला दाणा फेकू नका. परसात किंवा जुन्या डब्यातल्या मातीत पेरा. आठ दिवसांत आलेली हिरवी पाती पाखरे आवडीने कुरतडतात. राळ्याची चार रोपे वाढू दिली तर सुमारे दोन महिन्यांनी कणीस धरते. दाणा बोटाने दाबून दूध येते असे दिसले की ते तसेच कापून पिंजऱ्यात टांगावे.