हैदराबादच्या पंतप्रधानांची परंपरा

'पंतप्रधान' हा शब्द आज प्राथमिक शाळेतील मुलासही ठाऊक आहे. दिल्लीत पंतप्रधान असतात, बंगळुरूस व मुंबईस मुख्यमंत्री असतात, हे आपण नागरिकशास्त्रात वाचतो. परंतु आळंद तालुक्यातील निंबर्गा आणि सभोवारचा गुलबर्गा-बीदरचा मुलूख एके काळी ज्या राज्यात मोडत होता, त्या राज्यासही स्वतःचा पंतप्रधान होता, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. ते राज्य म्हणजे निजामाचे हैदराबाद संस्थान. तेथील पंतप्रधान एकामागून एक कसे आले व कसे गेले, हे पाहणे म्हणजे केवळ नावांची व सनावळीची उजळणी नव्हे. हे पद कोणी दिले, ते कोणाच्या इच्छेने टिकले आणि त्या पदावरचा मनुष्य कोणाला जाब देत होता, असे तीन प्रश्न मनाशी धरून ही परंपरा पाहिली, म्हणजे तिच्यातून पुष्कळ बोध होतो.

मराठी वाचकाला मुख्य प्रधान म्हटले की पेशवे आठवतात. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत मोरोपंत पिंगळे हे पेशवे होते. पुढे १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यांस पेशवेपद दिले, १७२० साली ते त्यांचे पुत्र बाजीराव यांजकडे आले, आणि तेथून १८१८ पर्यंत ते बहुतेक एकाच घराण्यात राहिले. पुण्यात प्रधान प्रबळ झाला व धनी नामधारी उरला. हैदराबादेत असे घडले नाही. तेथील प्रधानाच्या डोक्यावर एक नव्हे, दोन धनी होते. एक निजाम व दुसरा इंग्रज सरकारचा रेसिडेंट. या दोघांची मर्जी सांभाळील तोच त्या पदावर टिकत असे.

या परंपरेतील सर्वांत मोठे नाव पहिले सालारजंग यांचे होय. १८५३ च्या मे महिन्यात निजामाला फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गाकडील प्रदेश इंग्रजांच्या हवाली करावा लागला. हा तह झाल्यावर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क वारले व त्यांचे पुतणे मीर तुराब अली खान, म्हणजेच सालारजंग, हे वयाच्या चोविसाव्या वर्षी दिवाण झाले. १८८३ साली मृत्यू येईपर्यंत सुमारे तीस वर्षे त्यांनी कारभार हाकला, आणि त्या अवधीत तीन निजाम पाहिले. तोवर वसुलीचे काम इजाऱ्याने दिले जात असे. इजारदार सरकारात ठरीव रक्कम भरी व रयतेकडून हवे तेवढे उकळी. सालारजंगांनी ही रीत मोडून पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ साली जिल्हाबंदी करून राज्याची नीट विभागणी केली. रायचूर व नळदुर्गाकडील मुलूख १८६० साली परत मिळाला. १८७४ साली वाडीपासून हैदराबादेकडे आगगाडी धावू लागली. वाडी जंक्शन आपल्याच जिल्ह्यात असल्याने हे त्यांचे काम आपल्यास आजही डोळ्यांनी पाहता येते.

असा कर्तबगार पुरुष पदावर राहिला तो मात्र रयतेच्या इच्छेने नव्हे. निजाम अफजल-उद्दौला यांचा त्यांच्यावर लोभ नव्हता. त्यांस दूर करण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा रेसिडेंटने पाठ राखली म्हणून ते टिकले. परंतु तेच सालारजंग वऱ्हाड परत मागू लागले, १८७६ साली विलायतेसही जाऊन आले, तेव्हा इंग्रजांनी ती मागणी मान्य केली नाही. ज्याच्या आधाराने पद टिकते, त्याच्यापुढे मागणीचा स्वर चढत नाही.

त्यांच्यामागून १८८४ साली त्यांचे पुत्र दुसरे सालारजंग आले व तीनच वर्षांत पायउतार झाले. मग पायगा घराण्यातील आसमान जाह व विकार-उल-उमरा यांनी अनुक्रमे कारभार पाहिला. १९०१ साली महाराजा किशनप्रसाद हे पंतप्रधान झाले. ते पूर्वीचे प्रसिद्ध प्रधान चंदूलाल यांच्या घराण्यातील, उर्दूतील कवी आणि अतिशय दानशूर गृहस्थ होते. १९०८ साली मुसी नदीला महापूर येऊन हैदराबाद शहराची भयंकर हानी झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. १९११ साली मीर उस्मान अली खान गादीवर आले. त्यांनी पुढच्याच वर्षी किशनप्रसादांच्या जागी तिसरे सालारजंग यांस बसवले. हे तरुण सरदार दोनच वर्षे पदावर राहिले. त्यांचे नाव टिकले ते कारभारामुळे नव्हे, तर त्यांनी जमवलेल्या अपूर्व वस्तूंच्या संग्रहालयामुळे.

१९१४ पासून पाच वर्षे निजामाने पंतप्रधान नेमलाच नाही. कारभार स्वतःकडे घेतला. सारांश, पद असावे की नसावे हेदेखील एका माणसाच्या इच्छेवर अवलंबून होते. १९१९ साली 'बाब-ए-हुकूमत' नावाचे कार्यकारी मंडळ निघाले व त्याच्या अध्यक्षास 'सदर-ए-आझम' म्हणू लागले. पहिले सदर-ए-आझम सर अली इमाम हे बिहारचे बॅरिस्टर. १९२६ ते १९३७ पर्यंत किशनप्रसाद पुन्हा त्या जागी होते. त्यांच्यानंतर मुंबईस जन्मलेले सर अकबर हैदरी, मग संयुक्त प्रांतातील छत्तारीचे नवाब आणि १९४६ साली म्हैसूरचे विख्यात दिवाण सर मिर्झा इस्माईल अशी परंपरा चालली. यांतील कित्येक विद्वान होते, कुशल होते. उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेत हैदरींचा वाटा मोठा होता. तथापि मराठी, कानडी व तेलुगू बोलणाऱ्या लक्षावधी प्रजाजनांपैकी एकानेही त्यांना निवडलेले नव्हते.

ही उणीव लोकांना जाणवू लागली होती. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली; ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. सत्याग्रहींची मुख्य मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. जबाबदार राज्यपद्धती म्हणजे प्रधानमंडळाने लोकांच्या प्रतिनिधींना जाब देण्याची पद्धती. त्याच वर्षाअखेर 'वंदे मातरम्' गाण्याच्या हक्कासाठी विद्यार्थ्यांनी चळवळ केली. महाविद्यालयांतून काढून टाकलेल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद सामील झाले नाही. मिर्झा इस्माईल मे महिन्यात गेले व छत्तारीचे नवाब परत आले. त्यांनी भारत सरकारशी 'जैसे थे' कराराची वाटाघाट केली. २७ ऑक्टोबरच्या पहाटे, शिष्टमंडळ दिल्लीस निघण्याच्या वेळीच, इत्तेहाद-उल-मुसलमीनच्या जमावाने त्यांच्या घरास वेढा घातला. त्या संघटनेचे पुढारी लातूरचे वकील कासीम रझवी होते. नवाबांनी राजीनामा दिला. त्यानंतर उद्योगपती मीर लायक अली पंतप्रधान झाले. म्हणजे आता पंतप्रधान निजामही ठरवीत नव्हता. तो रस्त्यावरचा जमाव ठरवू लागला होता. जेथे पद बदलण्याचा कायदेशीर मार्ग नसतो, तेथे असेच व्हावयाचे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेस लायक अलींच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा जाहीर झाला. या बदलाची किंमत खेड्यापाड्यांतील कुटुंबांनी मोजली. आधी रझाकारांच्या अत्याचारांत आणि नंतर सूडाच्या आगीत निरपराध माणसे बळी पडली. पहिल्यांत बहुतेक हिंदू होती, दुसऱ्यांत मुसलमान. गुलबर्गा, बीदर, उस्मानाबाद व नांदेड या जिल्ह्यांना त्याची झळ विशेष पोचली. ही आठवण कटू असली तरी ती विसरून चालणार नाही.

त्यानंतर जनरल जयंतनाथ चौधुरी लष्करी राज्यपाल झाले, व २६ जानेवारी १९५० पासून श्री. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. हे दोघेही दिल्लीहून नेमलेले. अखेर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७५ जागांच्या विधानसभेसाठी प्रौढ स्त्रीपुरुषांनी मते टाकली आणि ६ मार्च १९५२ रोजी बूर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या बहुभाषी गृहस्थांना मराठी उत्तम येई. त्या वेळी राजप्रमुख होते तेच मीर उस्मान अली खान. पूर्वी ज्यांच्या एका फर्मानाने पंतप्रधान येत व जात, त्यांनाच आता विधानसभेत बहुमत असणारा मनुष्य मुख्यमंत्री म्हणून स्वीकारणे भाग होते. व्यक्ती तीच होती, पण अधिकाराचा उगम बदलला होता. त्याच निवडणुकीत गुलबर्ग्याने स्वामी रामानंद तीर्थांना लोकसभेवर पाठविले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला व गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. मराठी बोलणारी पुष्कळ घरे सीमेच्या अलीकडे राहिली. त्यांचे सुखदुःख वेगळे असेल. परंतु राज्य मोडले व मुख्यमंत्री पायउतार झाले, ते कायद्याने, एकही गोळी न झाडता, ही गोष्ट १९४८ शी ताडून पाहण्यासारखी आहे. पुढे याच जिल्ह्यातील वीरेंद्र पाटील व धरमसिंग हे कर्नाटकाचे मुख्यमंत्री झाले. १९९० साली वीरेंद्र पाटलांना पक्षश्रेष्ठींच्या निर्णयाने पद सोडावे लागले, हेही खरे. लोकशाहीतही पद कधी कधी वरून हलते. मात्र तेव्हा लोक उघड बोलू शकतात आणि पुढल्या निवडणुकीत जाब विचारू शकतात.

हेच तीन प्रश्न दूरच्या देशासही लावून पाहता येतील. पूर्व आशियातील कोरिया प्रजासत्ताकाची स्थापना १९४८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे हैदराबादच्या विलीनीकरणाच्या एक महिना आधी झाली. तेथे पंतप्रधानाला राष्ट्राध्यक्ष नेमतो, परंतु संसदेची संमती लागते. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने राष्ट्राध्यक्ष युन सोक-योल यांच्यावर महाभियोग आणला, तेव्हा संविधानाप्रमाणे पंतप्रधान हान डक-सू यांजकडे कारभार आला. दोन आठवड्यांत त्यांच्यावरही महाभियोग आला व अर्थमंत्र्यांनी सूत्रे घेतली. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने हान यांस परत पदावर बसविले, मे महिन्यात त्यांनी राजीनामा दिला आणि जूनमध्ये जनतेने नवा राष्ट्राध्यक्ष निवडला. सहा महिन्यांत इतकी उलथापालथ झाली. पण प्रत्येक वेळी यानंतर कोण, याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले होते. हैदराबादेत १९४७ साली नेमके हेच नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, पंतप्रधान शहाणा असावा हे खरे, आणि सालारजंगांसारखा शहाणा प्रधान एकहाती राज्य सावरूही शकतो. पण शहाणपण वारसाने मिळत नाही व फर्मानाने उतरत नाही. म्हणून पद देण्याचा व काढून घेण्याचा अधिकार लोकांकडे असावा लागतो. १९३८ च्या त्या 'वंदे मातरम्' चळवळीत तेलंगणातील एक विद्यार्थी होता. पुढे तो नागपूर विद्यापीठातून कायदा शिकला, स्वामी रामानंद तीर्थांचा अनुयायी झाला, आणि हरिभाऊ आपट्यांची कादंबरी त्याने तेलुगूत नेली. ज्या संस्थानात प्रजेतील कोणासही आपला पंतप्रधान निवडता येत नव्हता, तेथला हा मुलगा १९९१ साली भारताचा पंतप्रधान झाला. त्याचे नाव पी. व्ही. नरसिंहराव. अठरा वर्षे पूर्ण झाली की मतदारयादीत आपलेही नाव येईल. त्या दिवशी आपल्या हाती जो हक्क येईल, तो आपल्या पणजोबांच्या पिढीला १९५२ पर्यंत मिळालेला नव्हता, एवढे स्मरणात असू द्यावे.